पाटी घेऊन अंगणाबाहेर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची मला आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर उभे राहण्याची सवय नाही. परंतु गेल्या वर्षी आपण सहाजणींनी शाळेतल्या तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर जे काम केले त्याची हकीकत सांगायची आहे. हकीकत सांगायला विद्वत्ता लागत नाही, म्हणून धीर करून उभी राहिले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. लहान मुलांना चित्र काढायचे तर वर्गात कोंडून बसवू नये, बाहेर न्यावे. आणि परिसराचा धडा शिकवायचा तर तो नुसता पाठ करून घेऊ नये, जिथला धडा तिथे नेऊन त्याचे चित्र काढून घ्यावे. चित्रकला आणि परिसर अभ्यास हे वेळापत्रकात दोन विषय असतील, पण मुलाच्या दृष्टीने ते एकच काम आहे. चित्र काढायचे म्हणजे आधी नीट पाहावे लागते, आणि नीट पाहिलेले मूल विसरत नाही.

तुम्ही कोणाही मुलाच्या हाती कागद द्या आणि सांगा, “काढ चित्र.” ते काय काढते? दोन डोंगर, मधून वर येणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, एक कौलारू घर आणि शेजारी एक नारळ. माझ्या धाकट्याने हेच काढले, शेजारणीच्या मुलीनेही हेच काढले. आता आपण राहतो डहाणू तालुक्यात. आपला सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. चारोटीकडे जाताना महालक्ष्मीचा सुळका केवढा ठसठशीत दिसतो! किनाऱ्यावर सुरूचे बन आहे, बांबूंच्या काठ्यांवर बोंबील वाळत असतात, आत गेले की चिकूच्या वाड्या आणि ताड. यांतले एकही चित्रात नाही. मुलांचे डोळे अधू आहेत असे थोडेच आहे! त्यांना कोणी सांगितलेच नाही, की हेही चित्रात काढण्यासारखे असते. हल्ली मोबाईलमध्ये आफ्रिकेतला सिंह मुलांना दिसतो, पण परसातल्या उंबरावर दिवसभर टुक्-टुक् करणारा तांबट दिसत नाही.

हा विचार काही मी नवा शोधून काढलेला नाही. तो आपल्या तालुक्यातच जन्माला आला आहे, आणि ते काम बायकांनी केलेले आहे, म्हणून या मंडळात त्याची आठवण काढणे मला अगत्याचे वाटते. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ सालचा. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. माँटेसोरीबाईंची पद्धत त्यांना पटलेली होती, परंतु त्या पद्धतीची साधने महाग. खेड्यात ती कोण घेणार? १९४५ साली त्यांनी आपल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. ज्या वयात आपल्या मुली सातवी-आठवीत असतात त्या वयात त्यांच्या कपाळीचे कुंकू गेले होते. त्या बाईंनी शिकून सगळा जन्म या कामाला वाहिला.

बोर्डीला हरिजनवस्तीतली मुले बालवाडीत येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. तिलाच अंगणवाडी म्हणू लागले. पुढे १९७५ साली सरकारने देशभर योजना काढली तेव्हा हाच शब्द घेतला, आणि आज तो घरोघर झाला आहे. साधनांचे म्हणाल तर शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, माती हीच त्यांची साधने. १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुलांना गुरे राखावी लागत, शाळेत यायला सवड कुठली? म्हणून कुरणशाळा निघाली. गुरे चरताहेत आणि तिथेच झाडाखाली मुले शिकताहेत. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली. त्या टेकडीवरून आपण कितीदा एस.टी.ने गेलो असू, पण तिथे काय घडले हे आपल्या मुलांना आपण सांगितलेले नसते.

दूर बंगालमध्येही असा प्रयोग झाला. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली, तिचे वर्ग झाडाखाली भरत. तिथले चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३६ साली आपल्या खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा सजावट केली, ती बांबू आणि अशाच गावात मिळणाऱ्या वस्तूंची. तात्पर्य, कलेला सामान लांबून आणावे लागत नाही.

आणि आपल्या तालुक्याला तर हे सांगायलाच नको. कुडाच्या भिंतीला शेणामातीचे सारवण, वर गेरू, आणि त्यावर तांदळाच्या पिठीने बांबूच्या काडीने काढलेली चित्रे. गोल, त्रिकोण आणि चौकोन एवढ्यावर सारे जग उभे राहते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस झाला. ही कला मुळात बायकांची. लग्नाचा चौक सवाशिणी काढीत. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणली आणि देशोदेशी नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. हल्ली वारली चित्र साडीवर, पिशवीवर, चहाच्या कपावरही दिसते. पण ज्या पाड्यांवर ते जन्मले तिथली मुले आपल्या शाळेत मागच्या बाकावर गप्प बसलेली असतात.

आता आपल्या कामाकडे येते. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर आपण सहाजणी मुख्याध्यापकांना भेटलो. महिन्यातले दोन शनिवार, सकाळी आठ ते दहा, तिसरी-चौथीची सत्तावीस मुले आमच्याबरोबर द्या, असे सांगितले. शासनाने २०२४ साली शाळांसाठी आनंददायी शनिवार जाहीर केला होता, त्याचा आम्हांला आधार मिळाला. वर्गाच्या बाई दर वेळी बरोबर आल्या. त्या आल्या नसत्या तर हे काम झाले नसते, हे मी प्रथमच सांगून टाकते.

पहिले काम आम्ही झाडाचे घेतले. ओढ्याकाठची सावर निवडली. दर महिन्याला त्याच झाडाचे चित्र काढायचे आणि खाली तारीख घालायची, एवढाच नियम. भाद्रपदात ते झाड हिरवेगार होते. मार्गशीर्षापासून पाने गळू लागली. मुले म्हणाली, झाड मेले. माघात त्याच उघड्या फांद्यांवर लाल फुले आली आणि मैना, बुलबुल, कावळे यांची झुंबड उडाली. फुलातला मध प्यायला पक्षी येतात आणि त्यांच्याच अंगाला लागून पराग दुसऱ्या फुलावर जातो, हे बाईंनी तिथेच दाखवले. चैत्र-वैशाखात बोंडे फुटून कापूस उडाला. बी दूर जाऊन पडावी म्हणून झाडाने केलेली ती सोय. सगळ्या चित्रांची एकाखाली एक माळ लावली तेव्हा ऋतू म्हणजे काय हे मुलांना कोणी सांगावे लागले नाही.

दुसरे काम पानांचे. पान उलटे ठेवायचे, वर पातळ कागद ठेवायचा आणि कोळसा आडवा धरून हलकेच घासायचा. शिरांचे जाळे हुबेहूब उमटते. जास्वंदीच्या पानात जाळे दिसते, केळीच्या आणि बांबूच्या पानात शिरा शेजारीशेजारी सरळ जातात. पुढे एकदल-द्विदल शिकताना हेच उपयोगी पडणार आहे.

रंग आम्ही विकत आणले नाहीत. गेरू, हळद, कोळसा, विटेचा चुरा, पाला वाटून हिरवा, आणि फाल्गुनात पळसाची फुले उकळून केशरी. हळदीत चुना घातला की लाल होते, हे पाहून मुलांनी टाळ्या पिटल्या. चुना मात्र आम्ही आमच्याच हाती ठेवला, तो डोळ्यांत जाता कामा नये.

तिसरे काम समुद्राचे. हे किनाऱ्यावरच्या आळीतल्या आपल्या वहिनींनी शिकवले. त्यांची शाळा चौथीतच सुटलेली. त्यांनी मुलांना विचारले, “आज तिथी कोणती? तिची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघेल.” चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे जाते. बाईसुद्धा चकित झाल्या, कारण पाऊणपट शिकवताना त्यांची वर्गात दमछाक होते, आणि इथे मुले आपणहून हिशेब करू लागली. मग मुलांनी एक लांब पट्टी केली. वर पंधरा तिथींचे पंधरा चंद्र, प्रत्येकाखाली भरतीची वेळ आणि एक होडी. एका मुलाने नवमीच्या होडीखाली पावणेसात लिहिले, ते खरे की खोटे हे बघायला त्याने बापाला पहाटे किनाऱ्यावर नेले. अंदाज पाव-अर्ध्या तासाने इकडेतिकडे होतो, पण कोळ्याचे काम त्यावर भागते.

या कामात एका मुलाबद्दल मला विशेष सांगायचे आहे. त्याचे नाव सांगत नाही. पाड्यावरून चालत येणारा, तिसरीतला. वर्गात तो तोंड उघडीत नसे. जोडाक्षर आले की मान खाली. त्याला आधी जिथे घातले होते तिथे ‘याच्या डोक्यात काही शिरणार नाही’ असे त्याच्यादेखत म्हटले गेले होते. घरी वारली बोली, पुस्तकात वेगळीच मराठी, मग मूल बोलणार कोणत्या भाषेत?

सावरीच्या पहिल्या चित्रात बाकीच्या मुलांनी खोड काढले आणि वर हिरवा गोळा काढला, जशी छत्री. या मुलाने फांद्या मजल्यामजल्याने आडव्या काढल्या, सावरीच्या असतात तशा. खोडावर बुंध्याशी काटे काढले. एका फांदीला घरटे काढले. बाईंनी विचारले, “काटे खालीच का रे?” तेव्हा तो बोलला. आपल्या बोलीत बोलला, पण चांगला पाच मिनिटे बोलला. काटे कुठे असतात, घरटे कोणाचे, कोणता पक्षी केव्हा येतो, सारे त्याला ठाऊक होते. सत्तावीस मुलांत त्या झाडाची एवढी माहिती दुसऱ्या कोणाला नव्हती, आणि आम्हां सहाजणींना तर नव्हतीच.

बाईंनी त्या दिवशी एक गोष्ट केली. त्याने सांगितलेले एक वाक्य त्याच्याच शब्दांत चित्राखाली मोठ्या अक्षरांत लिहून दिले. पुढच्या शनिवारी त्याने ते बोट ठेवून वाचले. स्वतःच्या चित्राखालचे स्वतःचे वाक्य मुलाला वाचता येते, कारण त्यात काय आहे ते त्याला आधीच ठाऊक असते. मग दर चित्राला एक वाक्य, पुढे दोन. दिवाळीपर्यंत बाई एक वाक्य त्याच्या बोलीत आणि शेजारी तेच पुस्तकी मराठीत लिहू लागल्या.

तुम्हांला माहीत आहे, दिवाळी झाली की पाड्यावरची कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि मुलेही बरोबर जातात. शाळा सुटते ती सुटतेच. या मुलाचेही बोचके बांधून झाले होते. बाई आणि आपल्या खजिनदारबाई पाड्यावर गेल्या. त्याची चित्रे त्यांनी आजीपुढे मांडली. आजीने एकेक कागद हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, “हा माझ्याजवळ राहील.” आई-बाप गेले, मुलगा राहिला. मार्चअखेर एक दिवसही त्याची शाळा बुडली नाही. हे सारे चित्रांनीच झाले असे मी म्हणत नाही. आजी खंबीर होती आणि बाईंनी पाड्यावर चार खेपा घातल्या. पण आजीपुढे ठेवायला काही तरी हाती होते, ते चित्रांमुळे. त्याला अजून जोडाक्षरे अडतात. पण आता तो विचारतो.

पुढे ती आजी स्वतः शाळेत आली. काडीचे टोक चावून कुंचला कसा करावा, पिठीत पाणी आणि डिंक किती घालावा, हे तिने दाखवले. एका मुलीने लग्नाचा चौक काढून मागितला. आजी म्हणाली, “तो लग्नातच काढायचा, बाय. खेळाला नाही.” आम्ही ते मानले. मग मुलांनी कणगी, कोंबड्या, ताड आणि तारपा वाजवणारा काढला. शाळेच्या मागच्या भिंतीवर ते चित्र अजून आहे, जाताना जरूर बघा.

आता काही भगिनी विचारतील, आणि विचारलेही आहे, की यात अभ्यास बुडतो त्याचे काय? माझे उत्तर असे की मुलांनी या शनिवारांत लिहिले, वाचले, मोजले, पाऊणपट केली. परिसर अभ्यासाचे जे धडे आम्ही बाहेर केले त्यांची उजळणी बाईंना वर्गात वेगळी घ्यावी लागली नाही. दुसरी शंका उन्हाची आणि किरडाची. ती खरी आहे, म्हणून आम्ही नियम पाळले, तेही सांगते. दहाच्या आत परत यायचे. डोक्यावर टोपी किंवा रुमाल, प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली. पाच-सहा मुलांमागे एक बाई. पाचोळ्यात आणि दगडाखाली हात घालायचा नाही. रुईला हात लावायचा नाही, तिचा चीक डोळ्यांना वाईट. खाजकुयलीचे वेल कुठे आहेत ते आधी जाऊन बघून ठेवायचे. पावसाळ्यात किनाऱ्यावर जायचे नाही, आणि भरतीच्या वेळी तर केव्हाच नाही. पान पडलेले उचलायचे, तोडायचे नाही.

तिसरी शंका खर्चाची. पाठकोरे कागद छापखान्यातून मागून आणले, जुन्या कॅलेंडरांची पाने वापरली. जाड पुठ्ठे शिवणवर्गातून मिळाले. गेरू, डिंक, चुना आणि दोरी मिळून वर्षाचा खर्च अकराशे साठ रुपये झाला. हिशेब खजिनदारबाईंजवळ आहे.

घरी ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी एकच सूचना. मुलाला चित्र काढून दाखवू नका. आपण काढले की ते आपलेच गिरवते. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, “शेपटी किती लांब? पायापर्यंत की त्याच्याही खाली?” ते पुन्हा मान वर करून बघेल. ते बघणे हाच अभ्यास. आणि चित्र झाल्यावर ‘छान’ म्हणून बाजूला ठेवू नका, त्याच्याकडून त्याची गोष्ट ऐका आणि एक वाक्य खाली लिहा.

शेवटी मंडळापुढे माझी एक विनंती आहे. यंदा आम्ही सहाजणी पुरणार नाही, कारण दुसरीचा वर्गही आम्हांला बोलावतो आहे. महिन्यातला एक शनिवार सकाळचे दोन तास देतील अशा आणखी आठ भगिनी हव्यात. चित्र काढता येण्याची अट नाही. कोणाला रानभाजी ओळखता येते, कोणाला जाळे विणता येते, कोणाला भाताच्या जुन्या वाणांची नावे ठाऊक आहेत, कोणाला दाराशी ठिपक्यांची रांगोळी काढता येते. ठिपके मोजणे हे गणितच आहे. आपल्याला जे येते ते शाळेत चालत नाही अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ती धरून बसू नका. वहिनींची पाऊणपट शाळेत चालली, आजीची पिठी चालली, मग तुमचेही चालेल. दाराशी वही ठेवली आहे, जाताना नाव घालून जा.

पाड्यावरून यंदा आणखी कोणत्या मुलांची बोचकी बांधली जाणार आहेत याची यादी बाई दिवाळीआधी करणार आहेत. त्या वेळी त्यांच्याबरोबर पाड्यावर जायलाही सोबत लागेल. ज्यांना शनिवार जमत नाही त्यांनी निदान ती एक खेप करावी.